फोनला आम्ही दोघी एकच

गल्लीत कुणाची सून रुसून माहेरी गेली आणि परत आली तेव्हा तिचं तोंड कसं होतं, हे कळावं म्हणून मी तुळजापुरात चाळीस वर्षं कष्ट उपसलेत. नळाला पाणी यायच्या आधी तासभर घागर घेऊन उभी राहिलेय. घरात दह्याचं गाडगं भरलेलं असताना शेजारी विरजण मागायला गेलेय. एका घरातल्या भावाभावांच्या भांडणाची हकीकत पुरती हाती यायला मला अख्खा श्रावण लागला होता, आणि त्यासाठी त्या घरच्या थोरल्या सुनेला किती वेळा चहा पाजला ते मलाच ठाऊक.

आणि ही फोनमधली कंपनी बघा. हिनं आमच्या गल्लीत कधी पाय ठेवला नाही, कुणाला चहा पाजला नाही, तरी हिला सगळं ठाऊक. माझा गुडघा दुखतो हे मी आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. दोनदा फोनवर गुडघ्याचे व्यायाम बघितले, तिसऱ्या दिवसापासून जिकडं तिकडं गुडघ्याचं तेल. नात पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, तिला विचारलं तर म्हणाली, "आजी, ते कान लावून ऐकत नाहीत गं. तू काय बघतेस, कुठं थांबतेस, त्यावरनं ओळखतात." म्हणजे माझ्याच धंद्यातले निघाले की. मी तरी दुसरं काय करत होते? कोण कुठल्या दारात किती वेळ थांबतं, एवढंच तर बघत होते.

या कंपन्यांची भीती वाटते असं लोक पेपरात लिहितात. मला भीती वाटत नाही. मला हेवा वाटतो. आणि हेवा हा माझा जुना आजार आहे. गुडघ्यापेक्षा पुष्कळ जुना.

आजाराचं मूळ वरच्या मजल्यावर राहतं. ती माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते, ती मला धाकटे म्हणते. तिचं माहेर जळकोट, माझं ईट. मी लग्न होऊन आले तेव्हा ती चार वर्षांची जुनी सून होती, आणि अशी देखणी की यात्रेकरूंच्या बायका आमच्याकडं उतरल्या की देवीच्या आधी हिलाच बघत बसायच्या. थोरले दीर देवळातली पूजा सांभाळायचे, आमचे हे शाळेत मास्तर. घरातल्या सवाष्णींनी मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि सगळं नवरात्र मळवट भरायचा, अशी आमच्या घरची रीत. मळवट म्हणजे नुसती टिकली नव्हे. केसांपासून भुवयांपर्यंत आणि या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत हळद आणि त्यावर कुंकू, सगळं कपाळ माखलेलं. अक्का मळवट भरून उंबऱ्यात उभी राहिली की दिवाळीतल्या पणतीसारखी दिसायची. मी भरला की पाटावर आपटून पडल्यासारखी दिसायचे. असं दुसरं कुणी म्हणत नव्हतं. मीच आरशात बघून म्हणायचे.

तेव्हा देवळाच्या रस्त्याला आमच्या बोळाच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ होता. एका नवरात्रात त्या फोटोवाल्यानं सवाष्णींचे फोटो काढले आणि त्यातला अक्काचा मोठा करून दुकानाच्या शोकेसमध्ये लावला. मळवट, नाकात नथ, मान किंचित वळलेली, आणि कुणीतरी नुकतंच काही विनोदाचं बोललं असावं असं ओठांवर हसू. पहिला आठवडा मी शेजारणींना तो कौतुकानं दाखवला. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की आपण भाजीला जाताना एकदा आणि येताना एकदा तिच्यासमोरून जातो, आणि घरी आलं की तिसऱ्यांदा ती असतेच. मग मी मागच्या बोळानं, गोठ्याच्या कडेनं, लांबच्या वाटेनं मंडईला जायला लागले. एक दिवस नव्हे, बारा वर्षं. त्या मूर्ख पोरीनं एका फोटोपायी बारा वर्षं शेणातनं चप्पल ओढली, हे आठवलं की आजही मला तिच्या डोक्यात टपली मारावीशी वाटते. पण ती आता सापडत नाही.

मधे एकदा मी कुणाला न सांगता त्याच स्टुडिओत गेले होते. जाड मळवट भरून, अक्काची नथ तिला न विचारता घालून. फोटोवाला म्हणाला, वहिनी, हलू नका. मी इतकी हलले नाही की श्वासही घेतला नाही. त्यानं बटण दाबलं आणि नेमके माझे डोळे मिटले. रोलमधला शेवटचाच फोटो होता म्हणाला, नवा रोल आता पुढच्या महिन्यात. पुढचा महिना आला तेव्हा माझी हिंमत उरली नव्हती. तो फोटो मी ट्रंकेच्या तळाशी, जुन्या सतरंजीखाली घातला.

तो स्टुडिओ आता नाही; बारा वर्षांनी तो बंद झाला तेव्हा शोकेसमधला फोटोही आमच्या त्याच ट्रंकेत आला. तिथं मोबाइलचं दुकान आहे, आणि त्याच शोकेसमध्ये एका हसऱ्या मुलीचं मोठं चित्र आहे. फोननं फोटो काढला की तुम्ही असे दिसाल, असा त्याचा अर्थ. म्हणजे ती खोड अजून चालूच आहे.

मागच्या दिवाळीत नात आली आणि तिनं ती पत्र्याची ट्रंक उघडून एकूण एक जुना फोटो फोनमध्ये उतरवून घेतला. घरातल्या सगळ्यांचे फोटो आता एकाच ठिकाणी जमतात म्हणे. माझ्या फोनवर ते लावून दिलं आणि म्हणाली, "आजी, चेहरे फोन आपोआप वेगळे करतो. जिथं त्याला शंका येईल तिथं तुला विचारेल. तू फक्त हो किंवा नाही दाब. जुनी माणसं ओळखणारं तुझ्याशिवाय आहे कोण?" मला फार बरं वाटलं. मग दोन दिवसांनी कळलं की जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीचं काम मी फुकटात करत बसलेय. पोळ्या करपायला लागल्या.

त्यांचं सगळंच असं. फोटो ठेवा की, जागा भरपूर आहे, आपलंच घर समजा, असं म्हणत सामान आत घेतात. मग एक दिवस निरोप येतो की जागा संपत आली, पुढं पैसे भरा. आमच्या गावातले काही लॉजवाले पौर्णिमेला असंच करतात. पिशव्या खोलीत गेल्या की भाडं सांगायचं. पण लॉजवाल्याशी निदान दारात उभं राहून भांडता तरी येतं. या कंपनीला दारच नाही. आणि रोज सकाळी न विचारता आठवणी दाखवायचं तिला कुणी सांगितलं? थोरले दीर वारले, त्यांच्या तेराव्याचे फोटो तिनं एका सकाळी नाचऱ्या संगीतावर फिरवून दाखवले. हार घातलेला फोटो, मग जेवणाच्या पंगती, मग पुन्हा हार घातलेला फोटो. बरं झालं, अक्काकडं साधा बटणांचा फोन आहे.

पण मुख्य गोष्ट चेहऱ्यांची. ज्यांनी हे यंत्र केलं त्यांच्या गावात मळवट कुणी भरत नसावं. अर्धं कपाळ लाल दिसलं की यंत्र गडबडायचं, आणि मळवटातल्या सगळ्या बायका त्याला एकच वाटायच्या. माझ्या नावाच्या ढिगात अक्का होती, सोलापूरकडच्या दोन यात्रेकरू बायका होत्या, एक तर मी कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती. एकदा त्यानं देवीच्या मुखवट्याचा फोटो आणि माझा फोटो शेजारी शेजारी ठेवला आणि विचारलं, ही आणि ही एकच व्यक्ती आहे का? मी 'नाही' दाबलं. पण लगेच नाही दाबलं.

मग एका दुपारी त्यानं तो शोकेसमधला फोटो पुढं केला. एका बाजूला माझा परवाच्या पौर्णिमेचा, दुसऱ्या बाजूला ती, मान वळवून हसणारी. ही आणि ही एकच व्यक्ती आहे का?

घरात कुणी नव्हतं. मी सत्तरी ओलांडलेली बाई, दोन सुनांची सासू. मी 'हो' दाबलं.

का दाबलं ते मला सांगता येणार नाही असं मी म्हणणार होते, पण ते खोटं होईल. मला बघायचं होतं की तो फोटो माझ्या नावाखाली कसा दिसतो. छान दिसला.

मला वाटलं होतं एकच फोटो येईल. पण या यंत्राचा माणसावर फार विश्वास. ज्याच्या हातात फोन त्याचं खरं, वर कुणाला दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नाही. माझं एक 'हो' धरून ते कामाला लागलं आणि दोन दिवसांत अक्काचे मळवटातले सगळे फोटो एकामागून एक माझ्याकडं सरकले. तिचं हळदीकुंकू, तिचं मुलाच्या बारशाला पाळण्याशी वाकणं, देवीची पालखी निघते तेव्हा गर्दीत टाचा उंचावलेली ती. दीर गेल्यापासून, चार वर्षं झाली, अक्का मळवट भरत नाही. आपणहून थांबली. भरा म्हणून मीही कधी वर जाऊन म्हटलं नाही. तेव्हा यंत्राच्या हिशेबानं मोकळ्या कपाळाची, चष्मा लावलेली म्हातारी ती अक्का, आणि मळवटाचं सगळं आयुष्य माझं. मला राग यायला हवा होता. पण मी रोज जेवण झाल्यावर ते आयुष्य बघत बसायचे.

अशात अक्काची पंचाहत्तरी आली. रविवारी शेजारच्या हॉलमध्ये जेवण ठरलं, आणि मोठ्या आजीच्या फोटोंचा एक छोटा सिनेमा दाखवायचा असं नातीनं ठरवलं. अक्का कशालाच काही मागत नाही. साडी नको म्हणाली, हार नको म्हणाली. एवढंच म्हणाली की तो शोकेसमधला फोटो तेवढा दाखव गं, पुन्हा कधी बघितला न्हाय.

नातीचा पुण्याहून फोन आला. मोठ्या आजीच्या नावावर फक्त चार वर्षांतलेच फोटो कसे, असं तिनं विचारलं. खिडकीपाशी, दवाखान्यात, औषधाच्या डब्याशी. मग म्हणाली, "आजी, तो स्टुडिओतला एक मस्त फोटो आहे, नथ घातलेली. तोच का गं तो? पण फोन म्हणतो ती तू आहेस. तूच आहेस ना?"

फोन विचारतो तेव्हा बटण असतं, बोलावं लागत नाही. इथं बोलावं लागलं. मी म्हटलं, "हं."

"किती छान दिसायचीस," नात म्हणाली. ते वाक्य ऐकायला मी पन्नास वर्षं थांबले होते, आणि ऐकलं तर दूध उतू चाललंय म्हणून सांगून फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी नातीनं पुन्हा फोन करून सहज सांगितलं की मोठ्या आजीला सांगितलं, तो फोटो सापडत नाही. मी विचारलं, मग काय म्हणाली? नात म्हणाली, "काही नाही. नसंल तर राहू दे म्हणाली."

आमच्या अक्काचं 'राहू दे' मला ठाऊक आहे. दिरांच्या आजारपणात डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती. मी संध्याकाळची वाटही बघितली नाही. भर दुपारी गुडघा धरून जिना चढले.

अक्का गॅलरीत सुपात शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसले आणि चार शेंगा फोडल्या. मग म्हटलं, "अक्का, तुमचा तो फोटो सापडला."

"कुठं व्हता?"

"माझ्यात."

तिला काही कळलं नाही. मग मी फोन काढून सगळं सांगितलं. यंत्र मळवटाला कसं फसतं, त्यानं काय विचारलं, मी काय दाबलं, नातीला काय म्हटलं. सांगताना सगळा दोष कंपनीच्या माथी जावा अशी वळणं घेऊन बघितली. त्यांनी असं यंत्र करायलाच नको होतं, आपल्याकडच्या बायका त्यांनी कधी बघितल्याच नाहीत, हे सगळं खरंच होतं. पण 'हो' मी दाबलं होतं, आणि अक्का तेवढंच ऐकत होती. मग आलेच आहे तर, म्हणून मी मागच्या बोळाचंही सांगून टाकलं.

अक्कानं पाचसहा शेंगा फोडल्या. दाणे एका बाजूला, टरफलं एका बाजूला.

"म्हणून तू भाजीला मागनं जायचीस व्हय?" ती म्हणाली. "म्या हितनंच बघायची. मला वाटायचं, बोळाच्या तोंडाशी ते काळं कुत्रं बसतंय, त्याला भेतीस. रोज भाकरी घालून घालून ते कुत्रं आपलंसं केलं, तुझ्या अंगावर येऊ ने म्हणून. कुत्रं मेलं, तरी तू आपली मागनंच."

 बारा वर्षं मी जिच्यावर जळत शेणातनं चालले, ती माझ्यासाठी कुत्र्याला भाकरी घालत होती. आणि खरं सांगते, पहिला विचार मनात हाच आला की बघा, इथंही हिनं नंबर मारला.

"आता त्या डबड्याला खरं सांग," अक्का म्हणाली आणि चष्मा पुसून माझ्या शेजारी सरकली.

नातीला सांगितलं असतं तर तिनं सगळं एका झटक्यात सरळ केलं असतं. पण नातीला सांगायची माझी तयारी नव्हती. तेव्हा एकेक फोटो उघडायचा आणि ही मी नाही असं कळवायचं, अशा दोन दुपारी आम्ही बसलो. त्या यंत्राला शिक्षा करायची अक्कल नाही म्हणतात, पण मला त्यानं बरोबर गाठलं. एकेक देखणा फोटो उघडायचा आणि आपल्याच बोटानं कबूल करायचं, ही मी नव्हे. ही मी नव्हे. पाळण्याशी वाकलेली, मी नव्हे. पालखीच्या गर्दीतली, मी नव्हे. अक्का प्रत्येकाला काहीतरी बोलायची. ही साडी त्यांनी सोलापूरहून आणली व्हती. हितं मला ताप व्हता. पालखीतल्या फोटोला बोट लावून तिनं तो मोठा करायला सांगितला, आणि तिच्या खांद्याशेजारच्या गर्दीतला एक अर्धा फेटा बराच वेळ बघत राहिली. मी विचारलं नाही. ते दीर होते.

तो शोकेसमधला फोटो मी शेवटी ठेवला होता. तो अक्काच्या नावावर पाठवून दिला आणि वाटलं सुटले. तर यंत्रानं सतरंजीखालचा फोटो पुढं केला. डोळे मिटलेली मी, दुसऱ्याची नथ.

"ही कोण?" अक्कानं विचारलं.

"ही मी. नथ तुमची."

"ठाऊक हाय. तवा सापडत नव्हती म्हणून घर पालथं घातलं व्हतं." मग म्हणाली, "ही मला दे. तू माझ्या इतक्या नेल्यास, मला एक तरी दे."

मी आनंदानं दिली. ती ब्याद घरातून जावी म्हणून मी चाळीस वर्षं वाट बघत होते. जा बाई, म्हटलं, आणि बटण दाबलं.

नातीला मी एवढंच सांगितलं की फोन चुकला होता, आता बरोबर केलंय. कंपनीवर ढकलण्याचा हा एक फायदा आहे. ती उलट बोलत नाही.

रविवारी हॉल भरला. दिवे मालवले आणि पहिलाच फोटो शोकेसमधला आला. लोकांच्या तोंडून जो आवाज यायचा तो आला. त्याची मी तयारी करून बसले होते, पदराचं टोक मुठीत धरून. अक्का माझ्या शेजारीच होती. ती त्या फोटोकडं ओळखीच्या माणसाकडं बघावं तशी बघत होती, जरा लाजून. तिचा चेहरा बघून मला बरं वाटलं. अगदी मनापासून. तसं ते चारपाच फोटो टिकलं.

मग पडद्यावर मी आले. मोठी, भिंतभर. जाड मळवट, मिटलेले डोळे, धरून ठेवलेला श्वास. नातीनं नेमकं तिथं संगीत हळू केलं होतं.  मागच्या रांगेतून कुणीतरी बाई शेजारणीला हळू म्हणाली, "बघा की, कशी तल्लीन झालीया. देवीपुढं असा चेहरा पाहिजे." दुसरी म्हणाली, हा तर पहिल्यापेक्षाही छान आलाय. जेवताना तिघींनी अक्काजवळ येऊन त्याच फोटोचं नाव काढलं. अक्कानं मान खाली घालून ते सगळं घेतलं. माझ्याकडं एकदासुद्धा बघितलं नाही, पण तिच्या खांद्यावरून मला कळत होतं की ती हसतेय. जिलेबी मी पानात तशीच ठेवली. पन्नास वर्षांत माझा एक फोटो लोकांना आवडला, तो तिच्या नावावर.

घरी येताना जिन्यापाशी मी म्हटलं, "अक्का, तो डोळे मिटलेला तेवढा परत द्या."

"दिलेलं परत मागत न्हाईत, धाकटे," ती म्हणाली आणि कठडा धरून सावकाश वर गेली.

फोन माझ्याच हातात आहे. एक बोट लावलं की तो परत माझा. अक्काला कळणारही नाही, आणि कंपनी तर माझ्या शब्दाबाहेर नाही. रोज जेवण झाल्यावर मी तो उघडते आणि बघते. अजून बोट लावलेलं नाही. आज मंगळवार आहे. वरून ती हाक मारतेय, भाजीला चाललीस तर कोथिंबीर आण, आणि जाताना पुढच्या रस्त्यानं जा.